गोधडीचा दर कोण ठरवणार?

(घरी बसून गोधड्या आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मघाशी तुमच्यापैकी काहीजणी खाली पसरलेल्या या गोधडीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं चालत होत्या. या, बसा तिच्यावर. बसण्यासाठीच ती आणली आहे. माझ्या आईनं शिवलेली आहे ही, तिला चाळीसेक वर्षं झाली असतील. वरचं लुगडं दोनदा बदललं, आतले थर तेच आहेत. आमच्याकडे हिला वाकळ म्हणतात. तुमच्यापैकी कुणी गोधडी म्हणता, आणि लहान लेकराची असली तर दुपटं. नाव काहीही असो, शिवताना पाठ दुखते ती सगळ्यांची सारखीच.

मला सांगितलं होतं की, "ताई, तुम्ही कायद्यावर बोला." कायद्यावर बोलीन. पण आधी गोधडी कशी होते त्यावर बोलू. हसू नका. तुम्हाला ते येतं हे मला ठाऊक आहे. पण आपण जे करतो ते आपण कधी तोंडानं पूर्ण सांगितलेलं नसतं. आणि जे सांगितलं जात नाही त्याचे पैसेही मागता येत नाहीत.

होळी झाली की आमच्या घरी जुनं कापड बाहेर निघायचं. शेतात फार काम नसायचं, ऊन कडक असायचं. फाटकी लुगडी, धोतरं, कुणाचा सदरा, उशीचे अभ्रे, सगळं आधी खारात भिजवून, नदीवर आपटून धुवायचं. ते सुकवायचं, मग निवडायचं. धडकं कापड वर आणि खाली. विरलेलं, पण अजून जीव असलेलं मध्ये. अगदीच गेलेलं असेल ते फाडून पट्ट्या करायच्या, खड्डा पडेल तिथं भरायला. मग जमिनीवर पसरायचं. सुरकुती राहता कामा नये, कारण ती आत शिवली गेली की जन्मभर पाठीला टोचते. चार कोपऱ्यांवर तांब्या, पाटा, वरवंटा, जे जड असेल ते ठेवायचं. मोठमोठे कच्चे टाके घालून थर बांधून घ्यायचे. आणि मग खरं काम सुरू. कडेपासून धावदोरा धरायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. शेवटचा टाका मधोमध. आई म्हणायची, वाकळीच्या मधे पोचली की बाई अर्धी आंधळी झालेली असते.

मृगाचा पाऊस यायच्या आत ती पुरी व्हायला हवी, कारण घर गळायला लागलं की पसरायला जागा उरत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच्याकडे परत यायचं आहे.

यात किती गोष्टी आल्या बघा. कापडाची पारख आली. कुठलं सूत आटेल, कुठलं रंग सोडेल, हे हाताला कळावं लागतं. मोजमाप आलं. रंगाला रंग लावणं आलं. सात-आठ थरांतून सुई आरपार काढायची ताकद आली. आता तर जुनं सुती लुगडं मिळत नाही. घरोघरी सिंथेटिक साड्या. त्या घसरतात, सुईला दाद देत नाहीत, अंगाला ऊब देत नाहीत, उन्हाळ्यात चिकटतात. तरी तुम्ही त्यातून गोधडी काढता. हे कौशल्य आहे. शहरातला एखादा मुलगा दोन वर्षांचा कोर्स करून आला असता तर त्याला आपण कारागीर म्हटलं असतं. आपल्याला मात्र म्हणतात, "रिकाम्या वेळात काहीतरी करते."

हा 'रिकामा वेळ' कुठून आला? २०१९ मध्ये सरकारनं देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेलेली दिसली, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. म्हणजे जवळजवळ पाच तास बाईचे, दीड तास बाप्याचा, तोही जो हात लावतो त्याचाच. पाच तास घरकाम, वर शेतात किंवा दुसऱ्याच्या घरी काम, आणि त्यातून उरलेल्या तुकड्यांत ती सुई धरते. तिचा वेळसुद्धा चिंध्यांसारखाच आहे, तुकडे जोडून जोडून केलेला.

आता एक आकडा सांगते, वहीत लिहून घ्या. ९३. रोजगाराची सरकारी पाहणी करणारे लोक घरोघर जातात तेव्हा प्रत्येक माणसाला एक नंबर लावतात. नोकरी करणाऱ्याला एक, मजुरी करणाऱ्याला एक, विद्यार्थ्याला एक. फक्त घरकाम करणाऱ्या बाईला ९२. आणि घरकामाबरोबर जी सरपण गोळा करते, भाजीपाला, चारा आणते, घरच्यासाठी शिवण, टेलरिंग, विणकाम करते तिला ९३. शिवण हा शब्द त्या व्याख्येत चक्क लिहिलेला आहे. म्हणजे बाई शिवते हे सरकारला माहीत आहे. माहीत असूनही ९३ नंबरची बाई श्रमिकांत धरत नाहीत. ती 'श्रमशक्तीच्या बाहेर'. भिकारी, पेन्शनर आणि आपण एका यादीत.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर विकायला शिवतो, आम्हाला वेगळा नंबर असेल. असायला हवा. पण पाहणीवाला दारात येतो तेव्हा उत्तर कोण देतं? नवरा नाहीतर सासरा. "हिचं काय, ही घरीच असते." आणि तो नसला तर आपण स्वतः काय सांगतो? मी आमच्या वस्तीत हे तपासून पाहिलं आहे. मांडीवर अर्धी गोधडी, बोटाला चिंधी बांधलेली, आणि बाई म्हणते, "काही नाही हो, घरीच असते." तेव्हा सरकारला शिव्या देण्याआधी आपण निदान आपल्या तोंडानं तरी खरं सांगायला शिकलं पाहिजे.

थोडं कडू बोलते आता. अलीकडे शहरांत गोधडीचं कौतुक फार वाढलं आहे. प्रदर्शनांत ती भिंतीवर लावतात. "आजीच्या साडीची ऊब" असं काहीतरी कार्डावर छापतात. मला त्या ऊबेबद्दल तक्रार नाही, माझ्याही आईची आहे ती. पण चिंधी सगळ्यांच्या घरात सारख्या वाटेनं आलेली नाही. काही घरांत ती आजीच्या पेटीतून आली. काही घरांत ती वाड्यावरून राबणुकीच्या मोबदल्यात, वरून टाकल्यासारखी आली, पैशांऐवजी. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना नेसण्या-राहण्याबद्दल वेगळं सांगितलं, अंगावर जातीची खूण वागवू नका म्हणाले, ते काय हौसेचं बोलणं होतं? आमच्या गटात दलित वस्तीतल्या एक मावशी आहेत. प्रदर्शनाच्या कार्डावर 'जुन्या कपड्यांतून' हे शब्द घालायला त्यांनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "जुन्यातून काढायची ती आम्ही गरजेला काढली. विकायची ती नव्या कापडाची करीन. माझं नाव घाला, चिंध्यांचं नको." आम्ही सुशिक्षित बायका तेव्हा पर्यावरणाच्या गप्पा मारत होतो. गप्प बसलो.

जगात दुसरीकडेही असंच झालेलं आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाचं काळ्या लोकांचं गाव आहे. गुलामगिरीतल्या शेतमजुरांची पुढची पिढी. तिथल्या बायका कामाच्या जीर्ण कपड्यांतून गोधड्या शिवत. १९६६ मध्ये, नागरी हक्कांच्या चळवळीच्या दिवसांत, त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. स्वतःच्या कमाईनं उभं राहायचं म्हणून. पुढे २००२ पासून गीज बेंडच्या गोधड्या मोठमोठ्या संग्रहालयांत लागल्या, जगभर नाव झालं. आणि २००७ मध्ये त्यातल्याच काही बायकांना आपल्याला योग्य वाटा मिळाला नाही म्हणून कोर्टात जावं लागलं. २००८ मध्ये ते दावे मिटले. भिंतीवर चढलेल्या गोधडीचे पैसे शिवणारीपर्यंत उतरतातच असं नाही.

आपल्या जवळचं उदाहरण अहमदाबादचं. तिथल्या कापड गिरण्यांतून चिंधी निघायची. व्यापारी ती विकत घ्यायचे आणि घरोघर बायकांना शिवायला द्यायचे. त्या बायका तुकडे जोडून खोळी शिवायच्या. बहुतेक मुसलमान मोहल्ल्यांतल्या, घराबाहेर पडायला फारशी मोकळीक नसलेल्या. दर इतका कमी की दोऱ्याचा खर्च वजा जाता हातात काही उरत नसे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या 'सेवा' संघटनेत त्या आल्या, दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी काय केलं असेल? भांडले नाहीत. फक्त काम देणं थांबवलं. घरी काम करणारीला संप करता येत नाही, कारण ती एकटी असते आणि व्यापाऱ्याला शेजारची गल्ली मोकळी असते. मग संघटनेनं थेट गिरण्यांकडून चिंधी मिळवली आणि त्या बायकांची साबिना नावाची सहकारी संस्था उभी राहिली. कच्चा माल ज्याच्या हातात, दर त्याच्या हातात, हे त्या बायकांनी आपल्याआधी शिकून ठेवलेलं आहे.

आपल्या मुंबईचंही आठवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि गिरणगावातल्या हजारो घरांत पगार यायचा थांबला. घरं चालवली कुणी? खानावळ घालणाऱ्यांनी, पापड लाटणाऱ्यांनी, घरी शिवण आणून बसणाऱ्यांनी. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावं आहेत, खोलीच्या कोपऱ्यातल्या शिलाई मशीनचं नाव नाही.

आता आमच्या गटाची गोष्ट. ही सांगायला मला जड जातं, पण ती टाळून पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

साधारण पंधरा वर्षांपूर्वी आम्ही वीस-बावीस बायकांनी गोधड्या विकायला सुरुवात केली. मी समन्वयक. बायका घरी शिवायच्या, मी गोळा करायची, शहरातल्या प्रदर्शनात नेऊन विकायची. हातशिलाईची मोठी गोधडी १,२०० रुपयांना जायची. शिवणारीला आम्ही ४५० द्यायचो. आम्हाला वाटायचं, किती चांगलं चाललंय. घरबसल्या ४५० रुपये! प्रदर्शनात मी भाषणंसुद्धा करायची, स्वावलंबनावर.

एका बैठकीत एक काकू उठल्या. फार न बोलणाऱ्या. म्हणाल्या, "ताई, बाराशेला विकली, साडेचारशे मला आले. बाकीचे कुठं गेले?"

मला राग आला, खरंच सांगते. मनात आलं, हिच्यासाठी मी एस.टी.नं गाठोडी वाहते, आणि ही हिशोब मागते! पण मागितला तर द्यायला हवा. फळ्यावर लिहिला. दोरा आणि खालचं अस्तर ११०. गाळ्याचं भाडं आणि प्रवास २४०. माझं मानधन १५०. न विकल्या गेलेल्या, डाग पडलेल्या मालाचं नुकसान १००. गटाचा निधी १५०. आणि तिचे ४५०. बेरीज बरोबर आली. मी सुटकेचा श्वास सोडला. कुणी पैसे खाल्ले नव्हते.

काकू फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाडं लिहिलं, प्रवास लिहिला, तुमचं लिहिलं. माझे तास कुठं लिहिलेत?"

तेव्हा ठरलं की पुढच्या गोधडीला प्रत्येकीनं तास मांडायचे. लिहिता न येणारीनं भिंतीवर कोळशानं रेघ ओढायची, अर्ध्या तासाला एक. कपडे धुणं, निवडणं, पसरणं, सगळं धरायचं, नुसता टाका नाही. काकूंच्या गोधडीला ६८ तास लागले. ४५० भागिले ६८. तासाला साडेसहा रुपये. त्या वर्षी आमच्याकडे भांगलणीला आठ तासांचे दीडशे मिळत होते, म्हणजे तासाला एकोणीसच्या जवळपास. मालकाच्या रानात खुरपं धरणारी बाई आमच्या स्त्री-संघटनेच्या गोधडीवाल्या बाईच्या जवळजवळ तिप्पट कमवत होती. भांगलणीच्या दरानं नुसती मजुरी धरली तरी १,२७५ रुपये होत होती. विकायच्या किमतीपेक्षा मजुरीच जास्त. म्हणजे आम्ही गोधड्या विकत नव्हतो, बायकांचे तास फुकापासरी वाटत होतो, आणि वर त्याला स्वावलंबन म्हणत होतो.

याच्याहून वाईट एक गोष्ट आहे. त्याच वर्षी मी एकीची गोधडी परत केली होती. तिनं लाल-हिरव्या साडीचं मोठं ठिगळ मध्यभागी बसवलं होतं. मी म्हटलं, "हे भडक आहे, शहरात चालणार नाही, उसवून दुसरं लाव." ती काही बोलली नाही. गोधडी घडी करून काखेत मारून गेली. तिचे दीड-दोन महिने गेले. मला ते त्या वेळी खटकलंही नाही.

आता कायद्याकडे येते.

आंध्र प्रदेशात एका शिंपीकामाच्या दुकानाचा खटला होता, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस असं त्याचं नाव. दुकानाचा मालक म्हणत होता, हे शिंपी माझे नोकर नाहीत. त्यांना नगावर पैसे मिळतात, ते हवं तेव्हा येतात-जातात, कधीकधी कापड घरीही घेऊन जातात. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की ते नोकरच आहेत. का? बऱ्याच गोष्टी पाहिल्या कोर्टानं, मशीनं दुकानाची होती वगैरे. पण त्यातली एक आपल्या कामाची. शिवलेलं कापड पसंत पडलं नाही तर ते नाकारून पुन्हा शिवायला लावायचा हक्क मालकाकडे होता. हा हक्क असणं म्हणजेच त्या माणसावर ताबा असणं, असं कोर्टानं मानलं.

एका वकील मैत्रिणीनं मला हा निकाल समजावून सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते लाल-हिरवं ठिगळ आलं. नाकारायचा हक्क कुणाकडे होता? माझ्याकडे. मग मालक कोण? मी वर्षानुवर्षं व्यापाऱ्यांविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. "आम्ही कुठं मालक, आम्ही तर संस्था," असं मानून आम्ही स्वतःला त्या यादीतून वगळून टाकलं होतं. इथं ज्या कार्यकर्त्या बसल्या आहेत, ज्यांचे उत्पादन गट आहेत, त्यांनी हे जरा आपल्या गटाला लावून बघावं. माझ्यावर रागावलात तरी चालेल.

घरी काम करणारीला कायदा मिळूच शकत नाही असं कुणी म्हणालं तर त्याला विडीचं उदाहरण द्या. सोलापूरला, निपाणीला बायका घरात बसून विड्या वळतात. १९६६ च्या विडी कायद्यात घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं. कारखानदार कोर्टात गेले, १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कायदा उचलून धरला. ओळखपत्र, भविष्य निर्वाह निधी, यासाठी पुढेही झगडावं लागलं, सगळं सरळ मिळालं असं नाही. पण घराच्या उंबऱ्याआड कायदा येत नाही हे खोटं ठरलं.

शिवणकामाला असा वेगळा कायदा नाही. १९८७ मध्ये इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखाली असंघटित स्त्रियांसाठी आयोग नेमला, त्याचा 'श्रमशक्ती' अहवाल १९८८ चा. घरी काम करणाऱ्या बायका मोजा, त्यांना कामगार म्हणा, हे त्यात आलं. १९९६ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरकामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. घरी काम करणाऱ्याला इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक, हा त्याचा गाभा. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही. मग २००८ च्या असंघटित कामगार कायद्यात 'घर-आधारित कामगार' ही व्याख्या आली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती घेतली आहे. व्याख्या वाचा, वाईट नाही. मालकासाठी, मोबदला घेऊन, स्वतःच्या घरात काम करणारी व्यक्ती. हत्यार, माल मालकानं दिला असो वा नसो. पण 'मालकासाठी' हा शब्द आहेच. व्यापारी म्हणतो मी मालक नाही, मी तर माल विकत घेतो. संस्था म्हणते आम्ही तर सेवा करतो. मग आपण कुणाच्या? २०२१ पासून ई-श्रमचं कार्ड निघतं. काढा, जरूर काढा. त्यात आपला धंदा 'गृहिणी' लिहू देऊ नका. पण त्या कार्डावर दर लिहिलेला नसतो.

मशीनवाटपाबद्दल विचारलं होतं कुणीतरी. निवडणूक आली की शिलाई मशीनं वाटतात, फोटो निघतात, वर्षभरात निम्मी मशीनं विकली गेलेली असतात किंवा त्यावर कपडे वाळत असतात. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकाम आहे, प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. मिळत असेल तिनं घ्यावी, मी नाही म्हणत नाही. पण मशीन आलं म्हणजे काम आलं असं होत नाही. एका गावात वीस मशीनं आली तर वीस जणी शेजारणींचे ब्लाऊज शिवायला बसतात आणि दर उतरतो. आधी काम कुठून येणार आणि कुठं जाणार ते विचारा.

आणि जागा. मघाशी म्हटलं होतं ना, घर गळायला लागलं की पसरायला जागा उरत नाही. आपलं घर हेच आपलं कामाचं ठिकाण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फुटी गोधडी पसरली की लेकरांनी बसायचं कुठं? म्हणून बायका देवळात, शाळेच्या ओसरीत, समाजमंदिरात पसरतात, आणि कुणी ना कुणी हाकलून लावतं. घर पक्कं असणं, वीज असणं, छत न गळणं, हा घरकुलाचा प्रश्न आहेच, पण आपल्यासाठी तो धंद्याचाही प्रश्न आहे. ग्रामसभेत घरकुलाचा अर्ज देताना हे लिहा. समाजमंदिर दुपारच्या वेळी बायकांच्या कामाला खुलं ठेवा, असा ठराव मागा. एका गावात आम्हाला तो मिळाला. बाकी तीन गावांत नाही.

आमच्या गटाचं पुढे काय झालं ते ऐकायचंय ना? मजुरी ४५० वरून १,००० केली. गोधडीची किंमत २,००० ठेवली. पुढच्या प्रदर्शनात आधी चाळीस विकल्या जायच्या तिथं सतरा विकल्या. बैठकीत भांडण झालं. एक म्हणाली, "तासाचा हिशोब शिकवलात, आता तासच नाहीत." दोघी गट सोडून गेल्या, व्यापाऱ्याकडून उश्यांचे अभ्रे घेऊन शिवायला लागल्या, नगावर. मी त्यांना चुकीच्या म्हणू शकत नाही. घरी चूल असते.

राहिलेल्यांनी दुपट्यांकडे वळायचं ठरवलं. दुपट्याला १४-१५ तास लागतात, कापड नवं सुती, ते लवकर खपतं. मोठ्या गोधड्या फक्त मागणीवर, अर्धे पैसे आधी घेऊन. दर ठरवायला शिवणाऱ्या पाचजणींची समिती, त्यात मला मत नाही. आणि माल नाकारायचा असेल तर तो याच पाचजणी पाहतील, शिवणारीच्या समोर, कारण सांगून, आणि तोवरच्या तासांचे पैसे देऊन. मिळकत पूर्वीपेक्षा वाढली का? काहीजणींची वाढली. काहीजणींची नाही. दर वाढवला तो बरोबर केला की कसं, यावर आमच्यात आजही दोन तट आहेत, आणि खरं सांगायचं तर मी स्वतः कधी या तटात असते, कधी त्या.

ते लाल-हिरवं ठिगळ लावणारी बाई परत आली नाही. मी तिच्या घरी दोनदा गेले. चहा दिला, चांगली बोलली. गोधडी तिच्या लेकीच्या घरी आहे म्हणाली, लेकीला आवडली.

बरं, बाहेर चहा आलेला दिसतोय. चहा झाला की वह्या काढायच्या. प्रत्येकीनं आपण शेवटची जी वस्तू विकली ती लिहायची, गोधडी, दुपटं, फॉल-बिडिंग, ब्लाऊज, काहीही. धुण्यापासूनचे तास मांडायचे. दोरा, सुई, वीज, एस.टी. मांडायची. आणि आपल्या गावात भांगलणीचा आजचा रोज किती आहे तो शेजारी लिहायचा. ज्यांचे गट आहेत त्यांनी गटाचा फळ्यावरचा हिशोब वेगळा मांडायचा. संध्याकाळी सगळ्यांसमोर वाचायचा आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीला सांगा, कोळसा आणलेला नाही मी आज.